बारा व्होल्टचे गार्डसाहेब

गार्डसाहेबांच्या कॅमेऱ्यानं पाहुण्यांना नाही म्हटलं, ही बातमी गोंदियाच्या रेलटोलीत रात्रीच्या जेवणाआधी पसरली.

झालं असं. गार्डसाहेबांच्या पुतणीला पाहायला बालाघाटकडची मंडळी यायची होती. डिसेंबरचा महिना, साडेसहालाच अंधार. जीप फाटकाशी थांबली, पाहुण्यांतले सर्वांत वडीलधारे, पांढऱ्या टोपीतले आजोबा पुढे झाले आणि त्यांनी फाटकाची कडी काढली. वर छज्ज्याखाली टांगलेलं पांढरं गोल मुंडकं त्यांच्याकडे वळलं. क्षणभर टक लावून पाहिलं, डोळ्यातला दिवा विझला, पुन्हा पेटला आणि मग ते मुंडकं सावकाश डावीकडे गेलं, पार भिंतीला टेकेपर्यंत. तिथून उजवीकडे, पार दुसऱ्या टोकाला. आजोबा कडी हातात धरून उभेच.

"हे आमाले नाई म्हनते का जी?"

गार्डसाहेब आतून धावत आले. "नाई जी, नाई जी! ते रीस्टार्ट होते!" तेवढ्यात मुंडक्यानं वर-खाली अशी मान हलवली. पोरीच्या बापानं प्रसंग ओळखला. "पाहा ना जी, आता हो म्हनते!" सगळे हसले, पोहे आले, पुढे लग्नही जमलं. पण आधी सावकाश नाही म्हणायचं आणि मग हळूच मान डोलवायची, ही रीत मुलीकडच्यांची की मुलाकडच्यांची, यावर त्या बैठकीत जी चर्चा झाली ती हुंड्याच्या चर्चेपेक्षा लांबली, हे मात्र बरं झालं.

गार्डसाहेबांना तुम्हीही ओळखता. तुमच्या गल्लीत ते निवृत्त तलाठी असतील, बँकेतले हेडकॅशियर असतील, नाहीतर शाळेतले चित्रकलेचे सर. खूण सांगतो. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचा खोका, आतल्या थर्माकोलसकट, माळ्यावर. वॉरंटी कार्ड एलआयसीच्या फाईलमध्ये. माहितीपुस्तिका ते अक्षर न् अक्षर वाचतात, पण यंत्र बसवून झाल्यावर, आणि तीही पुस्तिकेच्या चुका काढायला. वायरमनला ते कधीही बोलावत नाहीत, कारण वायरमन "आपल्या डोस्क्यानं काम करते".

आमचे गार्डसाहेब रेल्वेत होते. उमेदीची वर्षं गोंदिया–बालाघाट–जबलपूर या छोट्या लाईनवर, मग मालगाड्या, शेवटी पॅसेंजर. ड्रायव्हर जन्मभर पुढे पाहतो. गार्ड शेवटच्या डब्यात उभा राहून मागे सरकणारे रूळ पाहतो. २०२२च्या जानेवारीत रेल्वेनं 'गार्ड' हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा गार्डसाहेब निवृत्त होऊन बसले होते. मी तरीही अभिनंदन केलं. "मॅनेजर बँकेत रायते जी," ते म्हणाले. "गाडीले गार्डच लागते."

निवृत्तीनंतर त्यांची पंचाईत एकच झाली, मागे उभं राहायला गाडी उरली नाही. ओसरीत खुर्ची टाकून रस्ता पाहायचे, पण रस्त्याला ना वेळापत्रक ना सिग्नल. मग दिवाळीला पुण्याहून मुलगा आला, परत गेला आणि गेल्यावर त्यानं कुरिअरनं कॅमेरा पाठवला. "बाबा, तुम्ही दोघंच असता." खोक्यावर लिहिलं होतं, पीटीझेड. गार्डसाहेबांनी मला विचारलं, "पीटी तर कवायत झाली. हे झेड काय?" मी सांगितलं, पॅन म्हणजे आडवी मान, टिल्ट म्हणजे उभी मान, झूम म्हणजे लांबचं जवळ. त्यांचा चेहरा उजळला. साधा कॅमेरा पालीसारखा एकाच जागी डोळे लावून असतो; हा जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरतो. पूर्ण का नाही, हेही त्यांनी खोलून पाहण्याआधीच ओळखलं. आतली वायर पिळून तुटू नये म्हणून त्याला दोन्ही टोकांना अडणी असते. "डेड एंड," गार्डसाहेब म्हणाले. "बफर लागला की थांबते."

कॅमेरा चालू करायचा सोहळा मी पाहिला आहे. मोबाईलवरचा चौकटीचौकटीचा कोड कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे वीतभर अंतरावर धरायचा असतो. गार्डसाहेबांनी तो तिकीट तपासनिसाला पास दाखवावा तसा हातभर लांबून, चालता चालता दाखवला. कॅमेऱ्याच्या पोटातून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अजी, कोन बाई आली?" गार्डसाहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, "चीनची आहे. जेवून आली."

पण बाई वायफायला जुळेना. राउटरवर दोन नावं दिसत, कॅमेऱ्याला एकच दिसे, आणि नेमकं दुसरंच नाव निवडून गार्डसाहेब पासवर्ड घालत. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या पोराला फोन लावला. गोंदियात दुकानं हिंदीतच बोलतात. तो म्हणाला, "अंकल, ये कॅमेरा सिर्फ टू पॉइंट फोर पकडता है, फाइव्ह गिगा नहीं." मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर गार्डसाहेब खुर्चीतून उठलेच होते.

"छोटी लाईन!"

हे समजायला गोंदियाचं असावं लागतं. मोठी लाईन १,६७६ मिलिमीटरची, छोटी ७६२ची. मुंबई–हावड्याच्या मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस ट्रंक, गाठोडं, पोरं सांभाळत दुसऱ्या फलाटावर जाऊन बालाघाटच्या छोट्या गाडीत बसायचा. एका लाईनची गाडी दुसऱ्या लाईनवर कधीच चढायची नाही. हा कॅमेरा छोट्या लाईनचा. आणि पाच गिगाहर्ट्झवरची माहिती वेगानं जाते पण भिंतीला अडते, अडीचच्या आतली सावकाश जाते पण दोन भिंती ओलांडून पोचते, हेही त्यांना पटायला क्षण लागला नाही. छोटी गाडी हळू जायची, पण सातपुड्याच्या जंगलात तीच शिरायची. गार्डसाहेबांनी बरोबर नाव निवडलं, चीनच्या बाईनं आनंदानं काही सांगितलं आणि फोनवर त्यांचं अंगण दिसू लागलं. अंगणात मी उभा होतो. मी मागून कसा दिसतो, ते मला फोनमध्ये प्रथमच दिसलं. त्या टकलाबद्दल मी त्या दिवसापासून गार्डसाहेबांना माफ केलेलं नाही.

इथवर सगळं ठीक. खरी गोष्ट पुढे सुरू होते, आणि ती चित्राची नव्हे, विजेची आहे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वायरलेस' लिहिलेलं. आत वायर निघाली. गार्डसाहेबांना हा विश्वासघात वाटला. "वायरलेस म्हनते अन् वायर तर आहे!" चित्र हवेतून जातं जी, वीज कुठे जाते, असं मी म्हणालो, पण फसवल्या गेलेल्या माणसाला तर्क नको असतो. त्यातून वायर दीड मीटरची. अडॅप्टरवर लिहिलेलं, १२ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे बारा वॅट. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. तेवढ्या विजेत असे किती कॅमेरे मान हलवतील याचा हिशेब मी केला, तो सत्तावीस कोटींवर गेला. पण गार्डसाहेबांच्या छज्ज्यापर्यंत बारा वॅट जाता जाईनात.

छज्ज्याजवळ बोर्ड होता, पण तो साध्या लाईनीवर. चोर येतो तो दिवे गेल्यावर, त्यामुळे कॅमेरा इन्व्हर्टरवरच पाहिजे, हा गार्डसाहेबांचा आग्रह. तो चुकीचा नव्हता. मात्र राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. दिवे गेले की कॅमेरा जागा आणि राउटर झोपलेला. चोराचं चित्र निघणार आणि कॅमेऱ्याच्याच पोटात राहणार. हे लक्षात यायला महिना गेला. इन्व्हर्टर मागच्या खोलीत. तिथून ओसरी, न्हाणीची भिंत, आंब्याची फांदी असं करत छज्ज्यापर्यंत पस्तीस मीटर. आता पस्तीस मीटर वायर विकत आणणं म्हणजे माळ्याचा अपमान. माळ्यावर जुन्या टू-इन-वनच्या स्पीकरची बारीक, पारदर्शक वायर होती. तीन तुकडे. गार्डसाहेबांनी टोकं दातांनी सोलली, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली आणि अडॅप्टर इन्व्हर्टरपाशी लावून बारा व्होल्ट त्या वायरीतून रवाना केले.

दिवसा कॅमेरा उत्तम चालला. गाय दिसली तर गाईमागे मान, कोंबडा दिसला तर कोंबड्यामागे. अंधार पडला आणि मान हलू लागली.

कारण फार साधं होतं, म्हणूनच ते कुणाला सापडत नव्हतं. रात्री कॅमेऱ्याला दिसायला त्याचे आतले दिवे पेटतात. कोणी हललं की त्याच्याकडे वळायला मोटार चालते. दिवे आणि मोटार एकदम विजेची मागणी करतात, बारीक वायर ती पुरवू शकत नाही, कॅमेऱ्याचा जीव जातो. जीव गेला की मागणी संपते, व्होल्टेज परत येतं, कॅमेरा पुन्हा जन्म घेतो. आणि जन्मल्याबरोबर त्याला आपलं तोंड कुठे आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून तो आधी एका टोकाला धडकून येतो, मग दुसऱ्या, मग वर, मग खाली. तेवढ्यात त्याला समोर माणूस दिसतो. वळायला जातो. पुन्हा जीव जातो.

मोहल्ल्यातल्या पोरांना हे दैवत फार आवडलं. संध्याकाळी फाटकासमोर रांग. उद्या शाळेला सुट्टी पडेल का? गणिताचा पेपर सोपा येईल का? कॅमेरा नाही म्हणे, मग हो म्हणे. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. पलीकडच्या बोळातल्या एक म्हाताऱ्या आजी तर जाता-येता हात जोडू लागल्या. देव दोन्ही उत्तरं देतो हे त्यांना नवीन नव्हतं.

गार्डसाहेबांनी मात्र शास्त्रीय पद्धत सोडली नाही. गार्डाला प्रवासभर नोंदी ठेवायची सवय असते. त्यांनी शंभरपानी वही काढली, रेघा मारल्या. ती वही मी पाहिली आहे. "१९.४२ रीस्टार्ट. १९.४९ रीस्टार्ट. २०.०३ पाल. २०.०४ पाल गेली. २०.११ रीस्टार्ट, मुले ४. २०.३० जेवण. २०.५५ रीस्टार्ट (काकू झाकण ठेवायला गेल्या)." शेवटच्या रकान्यात 'कारण'. त्यात आठवडाभर क्रमानं लिहिलं होतं: चीन. ॲप. राउटर. मुलगा. ढग. मुलगा.

ऑक्टोबरमध्ये प्रकरण आणखी रंगलं असतं, असं मला पुढच्या वर्षी कळलं. आपल्याकडे धान निसवून पिकायला लागलं की दिवाळीच्या सुमाराला हिरवे तुडतुडे दिव्यांवर तुटून पडतात. बल्बखाली परात ठेवली तर परात हिरवी. या कॅमेऱ्याला हालचाल दिसली की पांढरा दिवा पेटतो. दिव्यावर तुडतुडे येतात. तुडतुडे म्हणजे हालचाल. म्हणून दिवा विझत नाही. म्हणून आणखी तुडतुडे. पुण्यात मुलाच्या फोनवर रात्रभर सूचना, 'अंगणात हालचाल'. त्यानं घाबरून फोन केला तर गार्डसाहेब म्हणाले, "घाबरू नको. साठ-सत्तर हजार आहेत, पन समदे आपल्या शेतातले."

चोर मात्र एक सापडला. काकूंची जास्वंद रोज पहाटे रिकामी होई. गार्डसाहेबांनी मेमरी कार्डातलं चित्रण सलग चार तास पाहिलं आणि पाच वाजून अठरा मिनिटांनी, मफलर गुंडाळलेले, हातात पिशवी, कुंपणावरून वाकणारे गृहस्थ ओळखले. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते. गार्ड काय करणार? जन्मभर ज्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलली नाही, त्यांना फुलं तोडू नका म्हणायचं? वहीत एवढंच लिहिलं, "०५.१८ जास्वंद ७. अधिकृत." कॅमेऱ्याची बातमी स्टेशनमास्तरांपर्यंत पोचली, तेव्हापासून ते आधी कॅमेऱ्याकडे पाहून हात वर करतात, मग तोडतात.

या जातीचे इतरही नमुने जिल्ह्यात आहेत. राईस मिलवाले शेठजी सोळा कॅमेरे लावतात आणि सोळा चौकटींच्या पडद्यावर क्रिकेट पाहतात. अर्जुनी मोरगावकडच्या माझ्या एका मित्राची तऱ्हा वेगळी. धान कापून बांधावर पुंजणं रचलं की मळणीपर्यंत शेतकऱ्याला झोप नसते; वैरानं कुणी काडी लावली तर वर्षाची कमाई तासात राख. मित्रानं बांबूवर सिमकार्डाचा, सौर पाटीचा कॅमेरा बसवला. पाटीचं तोंड दक्षिणेला, थोडं वर उचलून, आणि झाडाची सावली न पडेल अशी जागा, एवढं त्यानं नीट केलं होतं. तिसऱ्या रात्री फोन वाजला. उघडून पाहतो तर पडदाभर एक ओलं, मोठं, हुंगणारं नाक. रानडुकरानं बांबूला पाठ घासली, कॅमेरा आकाशाकडे वळला आणि उरलेली रात्र त्यानं नक्षत्रांची राखण केली. पुंजणं शाबूत राहिलं. मित्र म्हणतो, कॅमेऱ्यामुळे. मला वाटतं, तो नाकाच्या भीतीनं स्वतः शेतात जाऊन झोपला, त्यामुळे.

एकदा ओसरीत चहा घेताना मी गार्डसाहेबांना एक जुनी गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची नर्स राहायची. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, दोघांच्याही कामाच्या वेळा अडनिड्या. रात्री दार वाजलं की ही घरात एकटी. मग दोघांनी मिळून दाराला वर-खाली चार भोकं पाडायची आणि आतून एक कॅमेरा त्या भोकांवरून वर-खाली सरकवायचा, अशी योजना काढली. चित्र आतल्या खोलीत दिसणार. १९६६ साली अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. घरच्या राखणीच्या कॅमेऱ्यांची वंशावळ तिथवर जाते. म्हणजे मान हलवण्याची कल्पनाही तिचीच म्हणायची.

गार्डसाहेब खूश. "पाहा! नवरा ड्युटीवर, मग कॅमेरा लागतेच."

काकू कप उचलायला आल्या होत्या. त्या थांबल्या. "तुमी छोट्या लाईनवर होते तवा मी तीस वर्सं रातच्याले एकटीच होती. कोन्ता कॅमेरा होता?" गार्डसाहेब काही बोलेनात. "कडी होती अन् मुसळ होतं," काकू म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या. कॅमेऱ्यानं त्याच वेळी सावकाश मान हलवली, हे मी शपथेवर सांगतो.

अखेर लग्न जमलेल्या घरची अब्रू म्हणून गार्डसाहेबांनी दुकानातल्या पोराला बोलावलं. वायरमन म्हणून नव्हे, "चर्चेले". पोरगा मल्टिमीटर घेऊन आला, अंधार पडल्यावर. अडॅप्टरपाशी मोजलं, बारा पूर्णांक एक. मी शिडी धरली, तो वर चढला, कॅमेऱ्याच्या पिनपाशी तारा टेकवल्या. "ग्यारा." मग मला म्हणाला, समोर चला. मी शिडी सोडून समोरून चाललो. दिवे पेटले, मान वळू लागली. वरून आवाज आला, "नौ पॉइंट तीन... गया!"

पोरानं खाली उतरून सांगितलं, "अंकल, वायर लंबी है, पतली है. इधर से बारा भेजोगे, उधर तक पहुँचते पहुँचते नौ."

गार्डसाहेब एकदम गप्प झाले. मल्टिमीटर हातात घेतला, काट्याऐवजी आकडे असलेल्या त्या डबीकडे पाहत राहिले. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"इंजिनात पाच किलो. ब्रेकव्हॅनमधी चार पॉइंट आठ."

मालगाडीच्या एअर ब्रेकची नळी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाते. इंजिनात दाब पाच किलो असला तरी वाटेत जोडाजोडांतून, लांबीपायी तो उतरतो. शेवटी गार्डाच्या डब्यात काटा किती दाखवतो त्यावर गाडी सोडायची की नाही ते ठरतं. छप्पन डब्यांच्या गाडीला चार पूर्णांक आठ. कमी असेल तर गार्ड झेंडी दाखवत नाही, मग पुढे कोणीही बोंबलो. पुढून किती निघालं याला किंमत नाही. शेवटी किती पोचलं ते पाहायचं, आणि ते पाहायलाच गार्ड. हा माणूस जन्मभर शेवटच्या डब्यात उभा राहून तोच काटा पाहत आला होता.

"अन् मी," गार्डसाहेब म्हणाले, "नऊवर गाडी सोडली. तीन महिने."

त्यांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी त्या रात्री न मागता दुसरा चहा दिला.

मग मात्र त्यांनी पोराला सोडलं नाही. बारा व्होल्ट लांब पाठवले की इतके गळतात, तर पाठवायचेच कशाला? पोरगा म्हणाला, नेटवर्कच्या केबलमधून अठ्ठेचाळीस व्होल्टच्या आसपास पाठवा, कॅमेऱ्यापाशी एक डबी लावा, ती बारा करून देईल. शंभर मीटरपर्यंत चालतं. व्होल्ट जास्त तर तेवढ्याच वॅटला अँपिअर कमी, अँपिअर कमी तर वाटेत गळती कमी. गार्डसाहेबांनी कपाळावर हात मारला. "डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट काऊन घेऊन फिरत होतो, ते आज समजलं!" रुळांवरच्या विजेच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, हे त्यांनी आजवर केवळ भीतीपोटी लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही केबल आणायला गेलो. दुकानदारानं एक गुंडाळा स्वस्त लावला. गार्डसाहेबांनी खिशातून ब्लेड काढून एक तार खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा गेला आणि आत ॲल्युमिनियम पांढरं चमकलं. त्यांनी काही न बोलता ती तार दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवली, गाडीतल्या फुकट्याची हरवलेली चप्पल ठेवावी तशी. अस्सल तांब्याची केबल पस्तीसच्या जागी चाळीस मीटर घेतली, कारण भिंतीतून आत घेण्याआधी केबलला खाली पोट द्यायचं असतं. पावसाचं पाणी पोटापाशी ठिबकतं, डबीत शिरत नाही. जुन्या स्पीकरची वायर टेपसकट गुंडाळून पुन्हा माळ्यावर गेली. राउटर इन्व्हर्टरवर आला. त्या रात्री वहीत एकच ओळ, "१९.०० ते ०६.०० – ऑल राईट."

पोरं दोन दिवस येऊन गेली. प्रश्न विचारले. कॅमेरा नुसता पाहत राहिला. आजींनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "देव रुसला का जी?"

कॅमेऱ्याला जागा ठरवून देता येतात. एक आकडा दाबला की मान तिकडे. गार्डसाहेबांनी पहिली जागा फाटक ठेवली, दुसरी जास्वंद, तिसरी पाण्याची टाकी. चौथीत शेजारच्या बाईंचं अंगण येत होतं, त्यांनी येऊन समज दिली, म्हणून तिथे ॲपमध्ये काळा चौकोन टाकला आणि तो बाईंना बोलावून दाखवलाही. पाचवी कुठे आहे ते विचारलं तर म्हणत, "रिझर्व्ह."

ते मला कळलं पुढच्या जानेवारीत. रात्री दिवे गेले होते, इन्व्हर्टरचा घुंगाट ऐकून मी अंगणात आलो. गार्डसाहेब ओसरीत रजई पांघरून बसलेले, हातात फोन, मांडीवर गार्डाची जुनी तीन रंगांची बॅटरी. मी डोकावलो. फोनमध्ये फाटक नव्हतं. दोन घरांच्या छपरांमधली फट होती, झूम करून अगदी जवळ आणलेली, आणि त्या फटीत रूळ. एक मालगाडी जात होती, डब्यामागून डबा, संपतच नव्हती. गार्डसाहेबांचा अंगठा बॅटरीच्या हिरव्या बटणावर.

फोन वाजला. पुण्याहून मुलगा, आवाज झोपेतला आणि घाबरलेला. "बाबा, मला सूचना आली. कॅमेरा भलतीकडेच वळलाय. फाटक दिसत नाहीये. बाबा?"

"थांब जरा," गार्डसाहेब म्हणाले. "शेवटचा डबा जाऊ दे."